थंड जागी ठेवावे

इंगळेभाऊंचं लग्न फ्रीजमुळे मोडलं. तेही एकदा नाही, दोनदा.

पहिलं स्थळ मूर्तिजापूरचं. मुलीचे वडील शाळामास्तर, माणसं सरळ. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन समोर बसली. तिच्या मामांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "तुमाले काही इचारायचं असन तं इचारा." इंगळेभाऊंनी रुमालानं मान पुसली, मुलीकडे पाहिलं, छताच्या पंख्याकडे पाहिलं आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या घरी फ्रीज आहे का?"

बैठकीतल्या सगळ्यांच्या बशा होत्या तिथेच थांबल्या. मास्तरांना वाटलं, मागण्यांची यादी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला, आम्हाला देण्याघेण्याची माणसं नकोत.

दुसरं स्थळ दर्यापूरचं. या वेळी मोठ्या भावानं जीपमध्येच दम दिला होता, "तोंड उघडशीन तं पाह्य." इंगळेभाऊ शेवटपर्यंत गप्प बसले. मुलगी पसंत पडल्यासारखं सगळ्यांना वाटलं. निघताना मुलीच्या आईनं सहज विचारलं, "थंडं पाणी देऊ का?" आणि यांच्या तोंडून निसटलं, "थंडं म्हंजे फ्रीजचं का माठाचं?" फ्रीजचं, असं त्या म्हणाल्या. मग हे थांबतात कशाचे? "लाइन गेल्यावर किती वेळ थंडं राह्यते?"

तेही स्थळ गेलं. हे सगळं मला इंगळेभाऊंनीच सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "यात माह्यं काय चुकलं, सुनंदाबाई, मले काही समजून नाही राहिलं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पगाराची स्लिप आली तरी समजून नाही राहिलं, बस वेळेवर आली तरी समजून नाही राहिलं. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, हा माणूस जरा मंदच आहे. नंतर लक्षात आलं की आपल्याला न समजलेलं आपण गिळून टाकतो आणि हा माणूस ते बोलून दाखवतो, एवढाच काय तो फरक.

अकोल्यात डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना होता. मी तिथे केस-पेपर काढायच्या खिडकीत बसायची. शेजारची खिडकी औषधांची, आणि तिच्यात फार्मासिस्ट म्हणून इंगळेभाऊ. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यामुळे त्यांचं प्रत्येक बोलणं मला ऐकू यायचं, आणि ऐकायचं नाही म्हटलं तरी यायचंच.

आमच्याकडे सोयाबीन निघालं, तुरीला शेंगा धरल्या, कापूस वेचायला आला की डोळ्यांचा हंगाम सुरू होई. कोणाला तुरीची काडी लागे, कोणाला पऱ्हाटीची म्हणजे कापसाच्या झाडाची, कोणाच्या डोळ्यात मळणीचं कुटार, भुसा जाई. लोक काम सोडून येत नसत. बुबुळावरची जखम पिकली, डोळा लालभडक होऊन गळायला लागला की मग येत. अशा वेळी साध्या थेंबांचा उपयोग नसे. मोठे डॉक्टर कडक थेंब लिहून देत. ते बाजारात तयार मिळत नसत. इंजेक्शनच्या कुपीतली पूड विरघळवून इंगळेभाऊ ते दवाखान्यातच बनवत. तोंडाला फडकं बांधून, काचेच्या पेटीत हात घालून, श्वास रोखून.

असे थेंब फार टिकत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवले तर काही दिवस निभावतात. बाहेर राहिले की त्यांचा दम उतरायला लागतो, पुढे पुढे पाणी पिवळट होतं. पण पिवळं पडण्याआधी किती दम उतरला, हे काही बाटलीकडे पाहून कळत नाही. इंगळेभाऊंचा सगळा घोटाळा इथेच व्हायचा. बाटली हातातून गेली की तिचं पुढे काय होतं?

बाटलीवर दवाखान्याची छापील चिठ्ठी असायची, 'थंड जागी ठेवावे'. एकदा ऐन उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या बाबाजींनी ती नातीकडून वाचून घेतली आणि खिडकीत तोंड घालून विचारलं, "थंडी जागा म्हंजे कोठी?" इंगळेभाऊ विचारात पडले. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. शेवटी प्रामाणिकपणे म्हणाले, "तसं पाह्यलं तं नाशिक."

त्या दिवसापासून त्यांनी चिठ्ठीवरचा भरवसा सोडला आणि प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, "घरी फ्रीज आहे का?" कोणीही असो, सगळे "हौ" म्हणायचे. नाही म्हटलं तर औषध देणार नाहीत, अशी लोकांना भीती. इंगळेभाऊ मात्र खूश. प्रश्नाची अशी सवय लागली की चष्म्याचा नंबर काढायला आलेल्यांनाही विचारायचे. तीच सवय पुढे मूर्तिजापूरला नडली.

त्यांच्या स्वतःच्या घरी फ्रीज होता. जठारपेठेत एका दुकानाच्या वर त्यांची एक खोली होती. नोकरी लागल्यावर माणूस आधी खाट घेतो. यांनी आधी फ्रीज घेतला आणि बरीच वर्षं खाली सतरंजीवर झोपले. लोडशेडिंगचे दिवस. लाइन गेली की इंगळेभाऊ उठून फ्रीजला गोधडी पांघरायचे. खालच्या दुकानदाराला वाटायचं, एकटं राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. "फ्रीजले थंडी वाजते का भाऊ?" असं तो विचारायचा. "त्याले नाही, पण त्याची थंडी बाहीर जाते ना," असं हे समजावायचे. दुकानदार मान हलवायचा आणि आणखीच काळजीत पडायचा.

मग एक दिवस पातूरकडच्या एका गावातली बाई परत आली. डोळा पहिल्यापेक्षा वाईट. हातातली बाटली पाहून इंगळेभाऊंनी ती उजेडात धरली. आतलं औषध पातळ चहासारखं पिवळं झालं होतं.

"बाई, फ्रीज आहे म्हणे ना तुमच्या घरी?"

"आहे ना."

"मंग बाटली कोठी ठेवली होती?"

"फ्रीजमधीच."

"खोटं नका बोलू."

"देवाची आण. फ्रीजमधीच होती."

डॉक्टरांनी बाईला दाखल करून घेतलं आणि पुढे तिचा डोळा सुधारला, पण इंगळेभाऊंची झोप गेली. रविवारी ते बस पकडून तिच्या गावी पोचले. घरात तिची लेक होती. तिनं फ्रीज उघडून दाखवला. वरच्या कप्प्यात बांगड्यांचा डबा, मधल्या कप्प्यात घड्या घातलेली लुगडी, खाली शेंगदाणे. दारातल्या अंड्यांच्या खळग्यांवर टिकल्यांची पाकिटं. फ्रीज लेकीच्या लग्नात द्यायला घेतलेला. दोन वर्षं कापसानं दगा दिला, लग्न पुढे पुढे गेलं, आणि लावला तर जुना होईल म्हणून फ्रीज कधी लावलाच नव्हता.

सोमवारी पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला. "सुनंदाबाई, बाई खरी बोल्ली होती. मीच चुकीचं इचारून राहिलो होतो."

त्यांनी प्रश्न वाढवले. फ्रीज आहे का? चालते का? लाइन किती वेळ असते? लाइन गेल्यावर दार किती येळा उघडता? औषधाच्या खिडकीपासून रांग माझ्या खिडकीवरून थेट फाटकापर्यंत गेली. कोणी तरी म्हणालं, फ्रीज वाटून राहिले. मग तर आणखीच गर्दी झाली. मोठे डॉक्टर बाहेर आले. स्वभावानं शांत माणूस, पण त्या दिवशी तेही वैतागले. "इंगळे, एकच प्रश्न विचारा, आणि त्याचं उत्तर काहीही आलं तरी बाटली द्या."

"मंग सर, इचारू काहून?" इंगळेभाऊंनी विचारलं. हा उद्धटपणा नव्हता; त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी आत जाऊन पुढच्या रुग्णाला बोलावलं.

तेव्हापासून इंगळेभाऊ दर रविवारी गावोगाव हिंडायला लागले. खांद्याला पिशवी, खिशात थर्मामीटर. त्या वर्षांत आमच्याकडच्या खेड्यांत नापिकीची पाहणी करणाऱ्यांची फार वर्दळ होती. कोणी मुंबईहून येई, कोणी दिल्लीहून. शेतं पाहत, फोटो काढत, गाडीत बसून निघून जात. बाहेरचा माणूस दारात उभा राहिला की लोकांना तो त्यातलाच वाटे.

"मी डोयाच्या दवाखान्यातून आलो," इंगळेभाऊ सांगायचे.

"हौ साहेब. पण मदत कवा भेटते?"

"मदतीचं मले ठाऊक नाही. तुमच्या घरी फ्रीज आहे ना?"

की लगेच घरातल्या सगळ्यांचे चेहरे बदलायचे. फ्रीज आहे म्हटलं तर मदतीतून नाव कटायचं. एका घरात तर कोपऱ्यात फ्रीजच्या आकाराचं काही तरी चादरीखाली घुमत होतं आणि म्हातारी सांगत होती, "ते देवाचं आहे, हात नका लावू."

सोमवारी मला म्हणाले, "दवाखान्यात सबन लोकायपाशी फ्रीज असते. गावात गेलं तं कोणापाशीच नसते. मंग फ्रीज राह्यते कोठी?"

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

आणखी एका गोष्टीनं तर ते पार चक्रावले. परतवाड्याकडच्या एका मजूर बाईनं बाटली गावच्या कुल्फीवाल्याच्या पेटीत ठेवली होती. औषध गोठून दगड झालं. तिनं ते चुलीपाशी धरून पातळ केलं आणि डोळ्यात घातलं. सगळे नियम मोडले, आणि डोळा ठणठणीत! उलट अमरावतीचे एक रिटायर गुरुजी. घरी चांगला फ्रीज, लाइनसाठी इन्व्हर्टर, बाटलीला वेगळा डबा. त्यांच्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर पांढरा डाग राहतो त्याला आमच्याकडे फूल म्हणतात. इंगळेभाऊंनी जाऊन पाहिलं तर बाटली जवळजवळ भरलेली. औषध महत्त्वाचं, परत मिळेल न मिळेल, म्हणून गुरुजी तासातासाला घालायचे थेंब सकाळ-संध्याकाळच घालत होते.

"दवाई टिकली," इंगळेभाऊ म्हणाले, "डोया नाही टिकला."

याच दिवसांत रझियाबी आल्या. बाळापूरच्या. साठीच्या आसपासच्या, उंच, बोलायला फटकळ. सतरंज्या विणायच्या. शेजारणीच्या बोरीचा काटा उजव्या डोळ्यात गेला होता. नवरा वारलेला, मुलगा कामासाठी सुरतेला, घरात त्या आणि माग. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं तर म्हणाल्या, "घर कोणाच्या भरोशावर सोडू?" आणि चार दिवसांची बाटली घेऊन जायला तयार झाल्या.

"आपा, फ्रीज आहे का?" खिडकीतून प्रश्न आला.

"दोन आहेत," रझियाबी म्हणाल्या.

इंगळेभाऊंनी मान वर केली. इतकं मोठं खोटं त्यांच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

रविवारी ते बाळापूरला गेले. दोन फ्रीज म्हणजे दोन माठ निघाले. एक पिण्याचा, दुसरा मागाच्या खड्ड्यात, ओल्या रेतीवर ठेवलेला, भोवती ओलं फडकं, आणि त्याच्या गळ्याशी सुतळीनं बांधलेली बाटली. पाय सोडून बसायच्या त्या खड्ड्यात खरंच गारवा होता. इंगळेभाऊंनी खड्ड्यात उतरून थर्मामीटर धरला, बराच वेळ धरला.

"काय म्हंते तुमचं यंत्र?" रझियाबींनी विचारलं.

"बाहीरपेक्षा थंडं आहे. पण फ्रीजइतकं नाही."

"मंग चांगलं का वाईट?"

"मले काही समजून नाही राहिलं, आपा."

रझियाबींनी एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. दुसरा बांधलेला होता. "सरकारी माणूस असून खरं बोल्ला," त्या म्हणाल्या. इंगळेभाऊ सरकारी नव्हते, पण ते सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

समजलं नाही म्हणून त्यांनी धोका पत्करला नाही. दर एक-दोन दिवसांनी ताजी बाटली बनवून, डॉक्टरांना विचारून, ड्यूटी संपली की स्वतः बाळापूरला नेऊन द्यायला लागले. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. बर्फ वितळेल या धास्तीनं ते थर्मास छातीशी धरून बसत. एकदा शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "भाऊ, यात काय आहे? चहा?" इंगळेभाऊ आपल्याच विचारात. म्हणाले, "नाही, डोया आहे. बाळापूरच्या बाईचा."

शेजारचा माणूस उठून उभा राहिला. ही बातमी मागच्या सीटपर्यंत गेली. कोणी म्हणालं मेलेल्या माणसाचा आहे, कोणी म्हणालं बाईचा काढलाय. कंडक्टरनं लांबूनच तिकीट दिलं आणि यांच्या भोवतीच्या जागा बाळापूरपर्यंत रिकाम्या राहिल्या. "गर्दीत जागा कशी काय भेटली," असं इंगळेभाऊ मला दुसऱ्या दिवशी विचारत होते.

रझियाबींची जखम भरली. डोळा वाचला, म्हणजे काढावा लागला नाही. पण फूल पडलं, मोठं, बरोबर मध्ये. त्या डोळ्यानं उजेड-अंधार कळायचा आणि समोर कोणी हललं तर सावली.

खिडकी बंद करून इंगळेभाऊ डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी केस-पेपर ठेवायला आत होते.

"सर, पयले दिवस औषध माठात होतं. त्याचा दम गेला म्हून असं झालं का जखमच खोल होती म्हून?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जखम खोल होती, इंगळे. काट्याची होती. औषधाचंही थोडं असेल. नसेलही."

"पण कोणतं?"

"सांगता येत नाही."

इंगळेभाऊ तिथेच उभे राहिले. त्यांना नक्की कोणतं उत्तर हवं होतं, ते त्यांनाही माहीत नसावं. चूक त्यांची नव्हती असं ऐकायचं असेल, तर ते डॉक्टरांनी जवळजवळ म्हटलंच होतं. पण जवळजवळ म्हटलेलं त्यांना पुरत नसे.

त्यांचा एक जुना मित्र अमरावतीला औषधशास्त्राच्या कॉलेजात प्राध्यापक होता. इंगळेभाऊंनी एकाच वेळी तीन बाटल्या बनवल्या. एक आपल्या फ्रीजमध्ये ठेवली, एक रझियाबींच्या माठाला बांधली, एक खोलीच्या खिडकीत उन्हाला ठेवली, आणि मग तिन्ही घेऊन अमरावतीला गेले. तिथे काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यांच्यावर औषध टाकतात. औषधात दम असेल तेवढा त्याच्या भोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो. फ्रीजवाल्या थेंबाचा गोल मोठा पडला. खिडकीतल्याचा लहान. माठातल्याचा मोठ्याहून थोडा कमी.

"बघ," मित्र म्हणाला, "माठानं बऱ्यापैकी काम केलं."

"म्हंजे माठ चालते?"

"तसं नाही म्हणता येणार. फ्रीजमध्येच ठेवायला सांग."

"फ्रीज नसला तं?"

"मग माठात."

"म्हंजे चालते?"

"अरे, एका बशीवरून कसं सांगू?"

"मंग किती बशा लागतीन?"

मित्रानं त्यांना कँटीनमध्ये नेऊन जेवू घातलं आणि एसटीत बसवून दिलं.

या सगळ्याला वर्षभर होऊन गेलं. इंगळेभाऊंचं रविवारचं हिंडणं हळूहळू कमी झालं होतं. दवाखान्यानं लांबच्या रुग्णांना सरळ दाखल करून घ्यायचं धोरण ठरवलं होतं, त्यामुळे घरोघरी बाटल्या जातच नव्हत्या. पण बाळापूर काही सुटलं नव्हतं. "माठाचं टेंपरेचर पाह्यतो," ते म्हणायचे. आता माठाचं टेंपरेचर पाहून काय करायचं, ते मला कळत नव्हतं; पण समजून न राहण्याचा मक्ता त्यांचा होता, म्हणून मी विचारलं नाही.

माझ्या नणंदेला सतरंजी हवी होती. म्हणून एका रविवारी मी त्यांच्यासोबत निघाले.

रझियाबींचं घर पेठेतल्या एका बोळात होतं. दार उघडंच. आम्हाला पाहून त्या माग सोडून उठल्या. "आले का डाक्टर!" घरात त्यांनी यांना डॉक्टर करून टाकलं होतं. आत एक घडीची खुर्ची ठेवलेली दिसली. इंगळेभाऊ काही न विचारता ती उचलून मागाच्या डाव्या अंगाला घेऊन बसले. मी बाजेवर बसले. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, त्या बाजूनं रझियाबींना चांगल्या डोळ्यानं ते दिसत होते.

मग इंगळेभाऊ खड्ड्याशी वाकले. माठ तिथेच होता. भोवतीचं फडकं ओलं होतं, नुकतंच भिजवलेलं. आणि गळ्याशी सुतळीनं बांधलेली बाटली होती. आमच्याच दवाखान्याची. मी चकित झाले. वर्षभरात या घरात एक थेंब औषध आलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

त्यांनी थर्मामीटर धरला. बाटली सोडवून दाराशी नेली, उजेडात वर करून पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"कशी काय आहे?" रझियाबींनी मागावरून विचारलं.

"बरी आहे."

"पिवयी नाही पडली?"

"नाही, आपा. एकदम साफ."

"अल्लाची मेहेरबानी," रझियाबी म्हणाल्या, आणि इंगळेभाऊंनी बाटली पुन्हा जागेवर बांधली.

चहाला म्हणून मी रझियाबींच्या मागे स्वयंपाकघरात गेले. बाहेर इंगळेभाऊ मागावरचे तुटलेले धागे जोडत होते. एका डोळ्यानं धाग्याचं अंतर नीट कळत नाही, सुई-धाग्याच्या कामात हात चुकतो; म्हणून हे काम ते करून द्यायचे.

मी हळूच विचारलं, "आपा, त्या बाटलीत काय आहे?"

"पानी."

"साधं?"

"मंग काय गुलाबपानी? दर शनिवारी बदलून ठेवतो मी. शिळं पानी दिसते." त्यांनी चहात साखर टाकली. "तो आल्या आल्या तेच पाह्यते. काही पाह्याले नसलं तं माणूस येईन काहून? लाजते ना तो. बिनाकामाचा कोणाच्या घरी बसत नाही."

"आणि त्यांना ठाऊक आहे? पाणी आहे म्हणून?"

रझियाबींनी उकळत्या चहाकडे पाहत मान हलवली. "ते मले नाही ठाऊक. म्या कधी इचारलं नाही. कधी वाटते ठाऊक आहे, कधी वाटते नाही." मग बाहेर डोकावून आवाज आणखी खाली आणत म्हणाल्या, "धागे बी सबन उलटे जोडते. तो गेला का उकलतो मी. दोन घंटे जाते माह्ये."

"मग सांगत का नाही?"

"ते बी काम आहे ना त्याचं," त्या म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिले.

चहा झाला. रझियाबी सुरतेच्या मुलाबद्दल बोलल्या, सतरंज्यांना आता गिऱ्हाईक राहिलं नाही ते बोलल्या, दवाखान्यातल्या झाडूवाल्या बाईच्या सुनेचं काय झालं ते विचारून घेतलं. इंगळेभाऊ सगळ्याला उत्तरं देत होते. खिडकीमागून आठ वर्षं या माणसाचा आवाज ऐकत होते मी, पण त्यांना असं सलग, न अडखळता बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. एकदा तर ते हसले. मी चटकन पाहिलं, खरंच तेच हसले का.

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर नणंदेची सतरंजी. इंगळेभाऊ खिडकीशी. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. मला राहवेना.

"भाऊ, त्या बाटलीत..."

"हौ," ते म्हणाले. बाहेरच बघत होते.

हौ म्हणजे पाणी आहे हे ठाऊक आहे, की हौ म्हणजे पुढे विचारू नका? मला काहीच कळलं नाही. पारस फाट्याच्या आसपास त्यांनीच तोंड माझ्याकडे वळवलं. चेहरा एकदम गोंधळलेला, मूर्तिजापूरच्या बैठकीत मुलीसमोर कसा असेल तसा.

"सुनंदाबाई, तुमच्या शेजारी ते मुसलमान घर आहे ना? तुमी जात असान त्यायच्याकडे ईदले?"

"जातो ना. दर वर्षी."

"आपानं बलावलं मले. या ईदले." त्यांनी थर्मामीटर खिशातून काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. "मी कोणाच्या घरी सणाले गेलो नाही इतक्या वर्सांत. भावाकडे बी नाही. काय न्या लागते?"

"काही नाही न्यायचं. फार तर मिठाई."

"अन् काम काय सांगायचं?"

"काम?"

"म्हंजे काहून आलो असं इचारलं कोणी तं?"

मी सतरंजीची घडी सारखी केली. "कोणी नाही विचारणार, भाऊ. त्या दिवशी नुसतं जायचं असतं. फक्त उशीर नका करू, सकाळीच पोचा. त्या वाट पाहतील."

मग त्यांनी अगदी संकोचून, कोणी ऐकत तर नाही ना हे पाहत, विचारलं, "सकायच्या पयल्या गाडीनं गेलं तं चालते?"

"चालते," मी म्हटलं.